जुन्या जीपगाडीवरील काही दुर्बोध खुणा : रूप, कारण आणि लोकव्युत्पत्ती

एखाद्या वस्तूच्या रूपात असे काही तपशील आढळतात की, त्यांचे प्रयोजन ती वस्तू नित्य वापरणाऱ्यासही सांगता येत नाही. भाषेतील अनियमित रूपांविषयी हाच अनुभव येतो. दोन्ही ठिकाणी मनुष्याची जिज्ञासा स्वस्थ बसत नाही; कारण सापडले नाही, तर ती ते रचते. शब्दांच्या बाबतीत अशा रचनेस लोकव्युत्पत्ती म्हणतात. वस्तूंच्या बाबतीतही हीच प्रवृत्ती कशी कार्य करते, हे पाहण्यास दुसऱ्या महायुद्धात जन्मलेली जीपगाडी हे उत्तम उदाहरण होय. तिचा इतिहास अलीकडचा आहे, त्याची साधने उपलब्ध आहेत, आणि तरीही तिच्याभोवती आख्यायिका दाट जमल्या आहेत.

जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने टेहळणीच्या हलक्या गाडीसाठी १३५ उत्पादकांना आवाहन केले. बँटम या लहानशा कंपनीने आपली पहिली गाडी २३ सप्टेंबर १९४० रोजी चाचणीसाठी हजर केली. पुढे मोठ्या उत्पादनाचे काम विलीज-ओव्हरलँड या कंपनीकडे गेले. तिच्या गाडीस ‘एमबी’ हे नाव होते. त्याच आराखड्यावरून फोर्डने केलेल्या गाडीस ‘जीपीडब्ल्यू’ म्हणत. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे ६ लक्ष ४० हजार गाड्या तयार केल्या. या गाड्यांवरील व त्यांच्या वंशजांवरील दुर्बोध तपशिलांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात.

पहिल्या वर्गातील तपशिलाला प्रयोजन असते. ते केवळ विस्मृत झालेले असते. युद्धकालीन जीपचे पुढचे दिवे बिजागरीवर बसविलेले असून ते मागे उलटविता येतात. हा सैल जोडकामाचा दोष नव्हे. दिवा उलटला की त्याचा प्रकाश इंजिनावर पडतो, आणि रात्रीच्या वेळी दुरुस्ती करणे शक्य होते. येथे वापराची परिस्थिती कळली की कोडे सुटते.

दुसरा वर्ग अवशेषांचा. सैनिकी गाडीच्या बाजूवर फावडे आणि कुऱ्हाड बांधलेली असे व ती नीट बसावीत म्हणून पत्र्यात खळगे दाबलेले असत. १९४५ साली ‘सीजे-२ए’ ही नागरी जीप निघाली. तिच्यावर फावडे व कुऱ्हाड ही सैनिकी सामग्री नव्हती. तथापि आरंभीच्या गाड्यांच्या पत्र्यावर ते खळगे तसेच राहिले. मराठी लेखनात याला जवळचा दृष्टांत आहे. उच्चारातून नासिक्य ध्वनी लोपल्यावरही ‘घरांत’, ‘तें’ अशा रूपांवरील अनुस्वार दीर्घकाळ लिहिला जात होता. १९६२ च्या नियमांनी तो वगळला. अशा खुणेचा अर्थ चालू व्यवहारात शोधणे व्यर्थ होय. तो मागच्या अवस्थेत असतो.

तिसऱ्या वर्गातील तपशील दुसऱ्याच बदलाचा परिणाम असतो. ‘फूल’ या शब्दातील दीर्घ ऊकार ‘फुलाला’ या रूपात ऱ्हस्व होतो. त्याचे कारण त्या स्वरात नसून पुढे आलेल्या अक्षरांत आहे. १९५३ साली निघालेल्या ‘सीजे-३बी’ जीपचे बॉनेट चमत्कारिक उंच दिसते. ते रूप सौंदर्यदृष्टीने योजलेले नव्हते. आधीच्या इंजिनात दोन्ही प्रकारच्या झडपा ब्लॉकमध्ये बाजूस होत्या. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात मिश्रण आत घेणारी झडप वर, माथ्यात आली. इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट उचलावे लागले. महाराष्ट्रातील वाचकांना हे रूप अपरिचित नाही. १९४५ साली स्थापन झालेल्या व पुढे महिंद्र आणि महिंद्र या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेत ‘सीजे-३बी’चे उत्पादन १९६८ साली थांबले, भारतात मात्र उंच बॉनेटची जीप त्यानंतरही दीर्घकाळ निघत राहिली.

चौथा वर्ग सर्वांत बोधप्रद आहे. येथे रूप आधी सिद्ध होते आणि अर्थ मागाहून चिकटतो. ‘जीपीडब्ल्यू’ ही अक्षरे ‘सर्वसाधारण उपयोगाची विलीज गाडी’ अशा इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होत, असे सर्रास सांगितले जाते. फोर्डच्या संकेतपद्धतीत मात्र ‘जी’ म्हणजे सरकारी काम, ‘पी’ म्हणजे दोन आसांतील ८० इंच अंतर आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे विलीजचा आराखडा. ‘जी-पी’चा त्वरित उच्चार होऊन ‘जीप’ झाले, ही व्युत्पत्ती ध्वनिदृष्ट्या संभाव्य आहे. परंतु संभाव्यता म्हणजे पुरावा नव्हे. १९३६ मध्ये पॉपाय या चित्रमालिकेत ‘यूजीन द जीप’ नावाचा अद्भुत प्राणी अवतरला होता, आणि सैनिकांच्या बोलीत नवशिक्या शिपायास व इतर वाहनांसही ‘जीप’ म्हणत. शब्द गाडीहून जुना आहे, एवढे त्यावरून निश्चित होते.

दर्शनी जाळीच्या फटींचीही अशीच कथा आहे. आरंभीच्या विलीज गाड्यांची जाळी लोखंडी पट्ट्या सांधून केलेली असे. फोर्डने एकाच पत्र्यातून नऊ फटींची स्वस्त व हलकी जाळी काढली. १९४२ मध्ये विलीजनेही ती स्वीकारली. १९४५ च्या नागरी गाडीत मोठे दिवे जाळीच्याच पत्र्यात बसविले गेले आणि फटी सात उरल्या. पुढे या सात फटी म्हणजे जीपने पादाक्रांत केलेले सात खंड, असा अर्थ रूढ झाला. कालक्रम पाहता हा अर्थ रूपाचे कारण ठरू शकत नाही.

हा विवेक केवळ पांडित्याचा विषय नाही. जुनी गाडी पूर्ववत करणारा कारागीर पत्र्यातील खळगे अपघाताचे पोचे समजून भरून काढतो, तेव्हा नागरी गाडी सैनिकी साच्यातून निघाल्याचा पुरावाच पुसला जातो. दुर्बोध पाठ ‘शुद्ध’ करणारा पोथीचा लेखनिक हेच करीत असतो. उलट, मागाहून चिकटलेला अर्थही खोटा म्हणून टाकून देता येत नाही, कारण तो व्यवहारात प्रभावी ठरतो. चौकोनी बांधा, सपाट बाजू, उभ्या फटींची जाळी ही रूपे गरजेतून आली; आज ती एका व्यापारी नावाची ओळख आहेत. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने महिंद्रच्या ‘रॉक्सर’ गाडीने जीपच्या बाह्यरूपावरील हक्काचा भंग केल्याचा निर्णय दिला. ज्या कंपनीने ते रूप विलीजच्याच परवान्याने हाती घेतले होते, तिलाच पुढे त्यात बदल करणे भाग पडले.

म्हणून दुर्बोध तपशील समोर आला असता तो काय सुचवितो हे विचारण्यापूर्वी तो केव्हा आला, त्याच वेळी आणखी काय बदलले, आणि त्याचा प्रचलित अर्थ प्रथम केव्हा नोंदला गेला, हे तीन प्रश्न क्रमाने विचारणे अवश्य आहे. शब्द आणि वस्तू या दोहोंच्या अभ्यासास हा क्रम सारखाच लागू पडतो.