बायकांचं कोया

"थांब, आधी हा दगडी खांब वाच," धाकटी बहीण म्हणाली. मला कुठलं बाई जपानी वाचता येतंय! मग तिनेच वाचलं, 'न्योनिन कोया मुरो-जी.' न्योनिन म्हणजे बायका. बायकांचं कोया!

भाओजींच्या नोकरीमुळे बहीण ओसाकाला असते. गेल्या वर्षी एप्रिलअखेर तिच्याकडे गेले होते. दुकानं नकोत, एखादं जुनं देऊळ दाखव म्हटलं, तर तिने नारा प्रांतातल्या या डोंगरात आणलं. तासभर रेल्वे, मग पंधरा मिनिटं बस. नदीवर लाल पूल आणि पलीकडे उंचच उंच सुगी वृक्षांचं गर्द रान.

कोया हा खरं तर दुसराच डोंगर. कुकाई या थोर भिक्षूने इ. स. ८१६ मध्ये तिथे मठ वसवायला घेतला. त्या पवित्र डोंगरावर बायकांना हजार वर्षं बंदी! वेशीवर त्यांच्यासाठी वेगळी दालनं होती. तिथूनच हात जोडायचे, नाहीतर डोंगराच्या कडेकडेने फिरून माघारी यायचं. १८७२ मध्ये सरकारने बंदी उठवली, तरी ती खऱ्या अर्थाने संपायला विसावं शतक उजाडलं. मुरो-जीचं दार मात्र बायकांना उघडं होतं. सतराव्या शतकाअखेरीस शोगुनची आई केइशोइन हिने या देवळाच्या डागडुजीला मदत केली. ती भाजीवाल्याची लेक होती म्हणतात.

हे ऐकताना मला आई दिसायला लागली. आमच्या गावी टेकडीवरच्या देवळात गाभाऱ्यात बायकांना मज्जाव. पहाटे चारला उठून पुरणाचा नैवेद्य आई करायची, ताट डोक्यावर घेऊन टेकडी आईच चढायची, आणि उंबऱ्यापाशी ते ताट माझ्या दहा वर्षांच्या भावाच्या हातात द्यायची. तिने कधी तक्रार केली नाही. मीही कधी विचारलं नाही, याचंच आता वाईट वाटतं.

दगडी पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना गुलाबी फुलं बहरली होती. वर अचानक पाच मजली पॅगोडा समोर येतो. उंची जेमतेम सोळा मीटर! साधारण बाराशे वर्षांचा. १९९८ च्या वादळात भलंमोठं झाड पडून त्याची छपरं मोडली होती. २००० पर्यंत तो दुरुस्त झाला. सांगितल्याशिवाय कळणारही नाही.

सगळ्यात वरच्या देवळापर्यंत सुमारे ७०० पायऱ्या. माझे गुडघे मधेच संपावर गेले. तेवढ्यात एक कमरेत वाकलेली आजी काठी टेकत पुढे गेली. मग काय, पदर खोचला!

वर उदबत्ती लावली. बहीण हळूच म्हणाली, "आईला एकदा आणायला हवं होतं गं."

आम्ही दोघी उंबरा ओलांडून आईच्या नावाने हात जोडून आलो. उतरताना गुडघ्यांनी काय ऐकवलं, ते विचारू नका.