काजूला धुराची संगत

काजूत जवळपास 45 टक्के स्निग्धांश असतो, शिवाय स्टार्चही. त्यामुळे गरम पाण्यात भिजवलेले काजू लसूण, लिंबूरस आणि मीठ घालून वाटले, की दुधाच्या थेंबाशिवाय दाट, मऊ डिप तयार होतं.

धूर द्यायला आपला धुंगार आहेच: डिपमध्ये वाटी, वाटीत लाल निखारा, त्यावर थोडं शेंगदाणा तेल, वर झाकण. तूप नको, नाहीतर वीगनपण तिथेच संपलं! पण हा धूर मुख्यतः तेलाचा. लाकडी धुराचा खास वास लाकडातलं लिग्निन जळून बनणाऱ्या ग्वायकॉलसारख्या संयुगांचा, आणि कोळशात लिग्निन फारसं उरलेलंच नसतं.

त्यापेक्षा स्पेनच्या ला व्हेरा भागातली, ओकच्या धुरावर वाळवलेली मिरचीपूड सरस. ती कोमट तेलात मिसळून घालावी. धुराची ही संयुगं तेलात चांगली उतरतात.