पित्तनलिका तुटली तर

मोटारसायकलचं हँडल पोटात घुसलं की डॉक्टर आधी यकृत आणि प्लीहा पाहतात. ते योग्यच, रक्तस्राव थांबवणं पहिलं. पित्तनलिकेची इजा मुळात विरळा, म्हणून ती नजरेतून निसटते. जेमतेम 6 मिलिमीटर रुंदीची ही नळी बहुधा स्वादुपिंडात शिरते त्याच जागी फाटते. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. ते पोटात झिरपलं तरी सुरुवातीला रुग्ण फारसा कण्हत नाही. फुगलेलं पोट, कावीळ, ताप हे सगळं काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी.

नळीचा घेर निम्म्याहून कमी फाटला असेल तर विरघळणाऱ्या बारीक धाग्याचे टाके पुरतात. पूर्ण तुटली असेल तर मात्र दोन टोकं एकमेकांना जोडण्याचा मोह आवरावा. तिचा रक्तपुरवठा मुख्यतः दोन्ही कडांनी जाणाऱ्या अगदी बारीक वाहिन्यांवर असतो; त्या दुखावल्या की जोड पुढे आकसतो. त्याऐवजी लहान आतड्याचा 40 ते 60 सेंटिमीटरचा फाटा वर आणून यकृताकडच्या निरोगी टोकाला शिवतात. ‘वाय’ आकाराची ही रचना स्विस सर्जन सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती जठरासाठी वापरली होती.

रुग्ण अत्यवस्थ असेल तर ड्रेन टाकून पित्त बाहेर काढायचं, दुरुस्ती नंतर, आणि तीही अनुभवी हातांनी. जोड काही वर्षांनीही आकसू शकतो, त्यामुळे यकृताच्या रक्तचाचण्या चालू ठेवाव्या लागतात.