शिक्का वाचल्याशिवाय पाण्यात टाकू नका

पाकिटावरचं तिकीट ओढून काढायचं नसतं. भोवती बोटभर कागद राखून कापायचं आणि पसरट ताटलीत पाण्यावर सोडायचं. आमच्या कऱ्हाटी गावात बोअरचं पाणी जड, त्याचे पांढरे डाग पडतात. म्हणून क्षार काढलेलं पिण्याचं पाणी घ्यावं. डिंक सुटला की तिकीट आपणहून कागदापासून अलग होतं. मग चिमट्याने उचलून टीपकागदावर पालथं ठेवायचं, वर जाड पुस्तक. कडेचा एक दात तुटला तरी तिकिटाची किंमत उतरते.

अंतराळाची तिकिटं जमवायला लागलं, की आधी मोह पडतो तो रशिया, हंगेरी, मंगोलियाच्या रंगीत संचांचा. त्यातली पुष्कळ तिकिटं पालथी करून पाहा. शिक्का कोपऱ्यात नेमका बसलेला आणि मागे डिंक जसाच्या तसा! शिक्का मारूनच ती संग्राहकांना विकलेली असतात. एकही पत्र न पोचवलेल्या तिकिटाचं मला कौतुक नाही.

आपली तिकिटं त्या मानाने साधी, नाशिकरोडच्या छापखान्यात छापलेली. माणसाच्या पहिल्या चांद्रस्वारीचं तिकीट १९ नोव्हेंबर १९६९ ला निघालं, नेमकं अपोलो १२ चंद्रावर उतरलं त्या दिवशी. २६ फेब्रुवारी १९७२ ला आलं ते आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या, जुन्नर तालुक्यातल्या आर्वीच्या उपग्रह केंद्राचं. त्याच वर्षी ३० डिसेंबरला विक्रम साराभाईंच्या पहिल्या स्मृतिदिनाचं. तिन्ही वीस पैशांची, म्हणजे तेव्हाच्या साध्या पत्राला लागायची तेवढ्याच किमतीची. १९७५ चं आर्यभट उपग्रहाचं तिकीट पंचवीस पैशांचं, कारण तोवर दर वाढला होता. त्यामुळे मुलीच्या स्थळाची चौकशी असो की वकिलाची नोटीस, तिच्यावर चंद्र नाहीतर उपग्रह चिकटायचा. बारामती-इंदापूरकडच्या रद्दीत म्हणूनच ही तिकिटं शोधावीत. राकेश शर्मांच्या उड्डाणाचं १९८४ चं तिकीट मात्र तीन रुपयांचं. साध्या पत्राला एवढं लागतच नसे, तेव्हा जुन्या घरगुती पत्रांत ते मिळण्याची आशा कमीच.

खरा निर्णय ताटलीपुढे बसल्यावर घ्यायचा असतो. शिक्का पुसट असेल, पाकीट फाटकं असेल, तर खुशाल भिजवा. पण गावाचं नाव आणि तारीख वाचता येत असेल तर कात्री बाजूला ठेवा. आर्वीच्या तिकिटावर इंदापूरचा स्वच्छ शिक्का आणि खाली हाताने लिहिलेला पत्ता, हे पाकीट आख्खंच राखलं पाहिजे. सुटं तिकीट विकत कुठेही मिळतं.

तेव्हा घरातली जुनी ट्रंक उघडाल तर आजोबांच्या पत्रांवरची तिकिटं कुणालाही कापून देऊ नका.