दौलताबादचे स्थलांतर : तीन निवेदने

लहरी आणि अविचारी आज्ञेस मराठीत आपण ‘तुघलकी’ म्हणतो. या विशेषणात एका राजाविषयीचा निवाडा साठलेला आहे. तो ज्यांच्या साक्षीवर उभा आहे, ते ग्रंथकार कोण होते व कोठे उभे राहून बोलत होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

देवगिरीचे ‘दौलताबाद’ असे नामांतर करून मुहम्मद बिन तुघलकाने 1327 च्या सुमारास तेथे राजधानी नेली. दिल्लीतील अमीर, विद्वान, सूफी यांना दक्षिणेत जावे लागले. या घटनेचे कारण तीन ग्रंथकार तीन प्रकारे सांगतात. सतरा वर्षे सुलतानाच्या सहवासात राहिलेला बरनी म्हणतो, साम्राज्याच्या मध्यावरचे ठिकाण म्हणून देवगिरीची निवड झाली. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता सांगतो, दिल्लीचे लोक निनावी पत्रांतून शिवीगाळ करीत, म्हणून सुलतानाने त्यांना शहर सोडावयास लावले. इसामी मात्र सुलतानाच्या मनात दिल्लीकरांविषयी मुळातच संशय व द्वेष होता असे मानतो. पहिले कारण राज्यव्यवहाराचे, दुसरे आख्यायिकेचे, तिसरे वैराचे आहे.

हा फरक केवळ माहितीचा नाही. इब्न बतूता 1333 मध्ये हिंदुस्थानात आला, म्हणजे स्थलांतरानंतर सुमारे सहा वर्षांनी. आंधळ्या मनुष्यास दौलताबादेपर्यंत फरफटत नेण्याची आज्ञा झाली आणि अखेर त्याचा केवळ पाय तेथे पोहोचला, ही त्याची प्रसिद्ध कथा ऐकीव आहे. सुलतानाने त्याला दिल्लीचे काजीपद दिले होते, आणि सुलतानाच्याच मर्जीच्या भयाचाही त्याने अनुभव घेतला होता. पुढे 1355 मध्ये फेज येथे इब्न जुझय्य याने त्याच्या आठवणी ग्रंथबद्ध केल्या, तेव्हा दूरदेशीच्या श्रोत्यांना विस्मय वाटावा हा या कथनाचा स्वाभाविक धर्म ठरला. उलट जेथे तो स्वतः पाहतो तेथे त्याची दृष्टी शांत आहे. 1342 मध्ये चीनकडे वकील म्हणून निघाला असता तो दौलताबाद व नंदुरबार या मार्गाने गेला. नंदुरबारच्या मराठ्यांचे भात, भाज्या व तिळाचे तेल हे अन्न आणि त्यांच्यातील कारागीर, वैद्य व ज्योतिषी यांची त्याने आवर्जून नोंद केली आहे.

इसामीची गोष्ट निराळी. स्थलांतराच्या वेळी तो सोळा वर्षांचा होता. त्याचे नव्वदीचे आजोबा दिल्लीजवळच्या तिलपत या पहिल्याच मुक्कामी वारले. या मुलाने पुढे ‘फुतूह-उस्-सलातीन’ हे सुमारे बारा हजार द्विपदींचे फारसी काव्य फिरदौसीच्या ‘शाहनामा’च्या वृत्तात रचून 1350 मध्ये पूर्ण केले. त्यापूर्वीच दक्षिणेतील ‘अमीरान-ए-सदा’, म्हणजे शंभरांचे नायक, यांनी बंड केले होते. त्यांनी प्रथम इस्माईल मुख यास गादीवर बसविले. सुलतानाने दौलताबादला वेढा घातला, पण गुजरातेत तघीचे बंड उठल्याने त्याला तिकडे जावे लागले. अखेर 3 ऑगस्ट 1347 रोजी हसन हा अलाउद्दीन बहमनशाह म्हणून राज्यावर आला, आणि इसामीने आपले काव्य याच राजास अर्पण केले. बंडखोराचे राज्य न्याय्य ठरावयाचे, तर जुना राजा अन्यायी ठरणे त्या काव्याच्या रचनेतच आवश्यक होते.

म्हणून दिल्ली पूर्णपणे ओस पडली, हे इसामीचे वर्णन जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. दिल्ली परिसरातील 1327 व 1328 चे संस्कृत शिलालेख नगरीच्या भरभराटीचे वर्णन करतात. अर्थात शिलालेखांनाही स्तुतीची रूढी असतेच. स्थलांतराचे फळही एकरंगी नव्हते. दक्षिणेत आलेल्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यामुळे खुलताबादेस चिश्ती परंपरा रुजली, आणि कवी अमीर हसन सिज्जी यांची कबरही तेथेच आहे.

तथापि इसामीचा पक्षपात दाखवून दिला म्हणजे त्याची साक्ष संपली, असे मानणे ही दुसरी चूक होईल. आश्रयदात्याची स्तुती ही काव्याची गरज होती. तिलपतचा मृत्यू ही घरातली घटना होती. एकाच ग्रंथातील हे दोन स्वर वेगळे ऐकू येईपर्यंत वाचणे, हे तौलनिक अभ्यासकाचे काम आहे. ‘तुघलकी’ हा शब्द आपण वापरतो तेव्हा त्यात राजाविषयीचा निवाडा असतो, पण त्या वृद्धाची आठवण मात्र उरलेली नसते.