संदेश निघाला, पण पोचला काय?

मोठ्या कंपनीत ऑर्डर एका संगणकावर येते, मालाचा साठा दुसऱ्यावर असतो, बिल तिसऱ्यावर बनते आणि बँकेचा हिशेब चौथ्यावर. ही यंत्रणा बहुधा वेगवेगळ्या कंपन्यांनी, वेगवेगळ्या काळात बनविलेली असते व एकीची भाषा दुसरीला कळत नाही. म्हणून मध्ये एक सॉफ्टवेअर बसवितात. ते एकीचा संदेश घेते, दुसरीला समजेल असा करते व तिच्याकडे पोचविते. आय.बी.एम.ने १९९३ साली एम.क्यू.सिरीज या नावाने संदेश वाहून नेणारे असे सॉफ्टवेअर बाजारात आणले. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या टिब्को कंपनीने अमेरिकेत याच धंद्यात नाव कमाविले.

आमच्या कापडवाल्या बांधवांना यात नवीन काही वाटू नये. गाठी ट्रान्सपोर्टला दिल्या, बिल्टी हातात आली, म्हणजे माल पार्टीला पोचला असे कोणी धरत नाही. सहीची पोच परत येईपर्यंत मुनीम ते खाते डोळ्याआड करीत नाही. संगणकाच्या संदेशांवरही अशीच नजर ठेवावी लागते. फरक इतकाच की तेथे गाठी दिसत नाहीत आणि एका मिनिटात हजारो संदेश जातात.

ही नजर नसली म्हणजे काय होते ते १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत दिसले. नाइट कॅपिटल ही शेअर बाजारात दलाली करणारी मोठी कंपनी. ग्राहकाची मूळ ऑर्डर घेऊन तिचे लहान लहान तुकडे करायचे व ते बाजारात पाठवायचे, असे काम तिचे एक सॉफ्टवेअर आठ संगणकांवर करीत असे. त्या दिवसासाठी नवीन प्रोग्राम चढवायचा होता. तो सात संगणकांवर चढला, आठव्यावर राहून गेला. दुसऱ्या माणसाने तपासून पाहावे असा लेखी नियम नव्हता. त्या आठव्या संगणकात २००३ पासून वापरात नसलेला एक जुना प्रोग्राम पडून होता. नव्या कामासाठी जी खूण ठरविली होती ती नेमकी त्या जुन्याचीच, त्यामुळे तो जागा झाला.

पुढचा भाग व्यापाऱ्याने नीट समजून घेण्यासारखा आहे. मूळ ऑर्डर पुरी झाली की थांबायचे, यासाठी झालेल्या सौद्यांची मोजणी आवश्यक असते. २००५ साली ही मोजणी प्रोग्राममध्ये दुसऱ्या जागी हलविली गेली होती व जुन्या प्रोग्रामशी तिचा संबंध तुटला होता. समजा, पार्टीने ५० ताके मागितले. गोदामवाला पाच-पाच ताके पाठवितो, सहीची चलनेही परत येतात, पण ती दुसऱ्याच खणात जाऊन पडतात. गोदामवाल्याच्या वहीत शून्यच राहते आणि तो पाठवीतच राहतो. नाइटमध्ये हेच घडले. किरकोळ ग्राहकांच्या अवघ्या २१२ ऑर्डरींवरून ४५ मिनिटांत सुमारे ४० लाख सौदे झाले, १५४ कंपन्यांचे ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअर्स इकडून तिकडे झाले. नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर गेले.

खरे दुःख वेगळेच आहे. यंत्राने आधी सांगितले होते! बाजार साडेनऊला उघडणार होता. सकाळी आठपासून कंपनीच्याच यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल पाठविल्या. त्यात त्या जुन्या प्रोग्रामचे नावसुद्धा होते. पण या ई-मेल म्हणजे धोक्याची सूचना, असे कोणी ठरविलेलेच नव्हते. रोज येणाऱ्या ढिगात त्या पडल्या व कोणी हलले नाही. कंपनीच्या अंगावर किती सौदे चढले हे दाखविणारा पडदाही होता, परंतु तो स्वतः ओरडत नसे, माणसाने बघितले तर बघितले. मग घाईघाईत सात संगणकांवरचा चांगला प्रोग्राम काढून टाकण्यात आला आणि तेही आठव्यासारखे वागू लागले. सरकारी नियामकाने ऑक्टोबर २०१३ मध्ये १ कोटी २० लाख डॉलर दंड केला. त्याआधीच बाहेरून ४० कोटी डॉलर घेऊन कंपनी कशीबशी तगली होती व २०१३ मध्येच दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

सॉफ्टवेअरवाला दुकानात आला की तो रंगीत पडदे दाखवितो. आम्ही म्हणतो, त्याला आधी ‘मेलेल्या पत्रांचे’ विचारा. टपाल खात्यात पत्ता न लागलेल्या पत्रांसाठी डेड लेटर ऑफिस असे. तेच नाव या सॉफ्टवेअरने उचलले आहे. जो संदेश पोचविता येत नाही तो त्या वेगळ्या रांगेत जाऊन पडतो. ती रांग रोज कोण उघडतो, हा प्रश्न विचारला की बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. दुसरे, रांगेतला सर्वांत जुना संदेश किती वेळ थांबला आहे ते बघावे. नुसती संख्या फसवी असते, कारण सणासुदीला हजार संदेश साचले तरी ते सरकत असतात, आणि एरवी तीनच अडकलेले असतात पण सकाळपासून. प्रत्येक संदेशाला बिल्टीप्रमाणे एकच नंबर शेवटपर्यंत हवा, हे तर सांगायलाच नको.

लहान व्यापाऱ्यालाही हे लागू आहे. ज्याची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्याला ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याला माल विकताना ई-इन्व्हॉइस करावे लागते. आपले बिलिंग सॉफ्टवेअर बिल सरकारी पोर्टलला पाठविते, तेथून ६४ अक्षरांचा नंबर परत येतो. नेट तुटले तर बिल गेले की नाही हे आपल्या पडद्यावरून कळत नाही. तेच बिल पुन्हा पाठविले तर पोर्टल दुबार म्हणून ते नाकारते, ही सोय चांगली. अशी अडवणूक नाइटच्या जुन्या प्रोग्रामला नव्हती. पण मुळात गेलेच नसेल तर? नंबराशिवाय ते बिल वैध नाही आणि ट्रक मात्र नाक्याच्या पुढे गेलेला असतो. दुकान बंद करण्यापूर्वी बनविलेली बिले आणि आलेले नंबर समोरासमोर मोजावेत. पाच मिनिटांचे काम आहे. ते कोणी करायचे त्या माणसाचे नाव मात्र ठरलेले असावे आणि तो सुट्टीवर असेल त्या दिवशी कोणाचे, हेही.