घरचा पडदा लेकीला दाखवताना

रात्रीचे साडेआठ वाजलेले. जेवणे आटोपली आहेत. उद्या सकाळी बचत गटाचा हिशेब बँकेत न्यायचा आहे आणि संगणकावरच्या तक्त्यात व्याजाची बेरीज काही केल्या जुळत नाही. वहीत एक आकडा, पडद्यावर दुसरा. मग पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीला फोन लागतो.

"आई, वर डाव्या कोपऱ्यात काय दिसतंय?"

"काही नाही गं, नेहमीचंच."

"नेहमीचंच म्हणजे काय?"

"अगं, त्या चौकटी. आणि एक हिरवं काहीतरी."

अर्धा तास असाच जातो. लेक वैतागते, आई हिरमुसते आणि बेरीज जिथल्या तिथे राहते. वाचकहो, थोड्याफार फरकाने हा प्रसंग आज पुष्कळ घरांत घडतो. चूक आईचीही नाही आणि लेकीचीही नाही. जिला दिसते तिला सांगता येत नाही, आणि जिला कळते तिला दिसत नाही. आजारी म्हशीचे दुखणे फोनवर सांगून डॉक्टरांकडून औषध घ्यावे, तशातली ही गत!

यावर उपाय आहे. घरच्या संगणकाचा पडदा जसाच्या तसा पुण्यातल्या लेकीच्या पडद्यावर दाखवता येतो. त्यासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. मात्र या कामात एका जागी हमखास गोंधळ होतो आणि दुसऱ्या जागी गाफील राहिले तर घर लुटले जाते. दोन्ही जागा आज नीट पाहून घेऊ.

सर्व्हर म्हणजे कोण?

'सर्व्हर' म्हटले की मोठ्या शहरातले गार खोलीत ठेवलेले यंत्र डोळ्यांपुढे येते. पण सर्व्हर म्हणजे एवढेच, की जो देतो तो. विहीर पाणी देते, शेत पाणी घेते. इथे पडद्याचे चित्र आपल्या घरचा संगणक देणार आणि लेकीचा संगणक ते घेणार. म्हणून सर्व्हर आपल्या घरात आहे, पुण्यात नाही. ही गोष्ट मनात पक्की ठेवा. देणारे आपण आहोत, तेव्हा द्यायचे की नाही, किती द्यायचे आणि केव्हा थांबवायचे, हेही आपणच ठरवायचे.

या कामाची एक जुनी आणि नावाजलेली पद्धत 'व्हीएनसी' नावाने ओळखली जाते. इंग्लंडमधील केंब्रिज येथे ऑलिव्हेटी आणि ओरॅकल या कंपन्यांच्या संशोधन शाळेत ती तयार झाली आणि १९९८ साली सर्वांना फुकट वापरण्यासाठी खुली करण्यात आली. ती बनवणाऱ्यांपैकी एक होते क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर. याच गृहस्थांनी १९९१ साली केंब्रिज विद्यापीठात कॉफीच्या किटलीपुढे कॅमेरा लावण्यात भाग घेतला होता. किटलीत कॉफी उरली आहे की नाही, हे जागेवरून उठायच्या आत पडद्यावर कळावे, एवढाच हेतू! दूरची वस्तू बसल्या जागी पाहण्याची हौस अशी साध्या गरजेतून वाढते.

चित्र कसे जाते, तेही पाहा. सगळा पडदा पुन्हा पुन्हा पाठवला जात नाही. जेवढा तुकडा बदलला तेवढाच जातो, आणि तोही पलीकडून मागणी आली की. ज्या वाफ्याला पाणी हवे त्याचेच दार फोडावे, तसे हे आहे. म्हणून गावाकडच्या मंद जोडणीवरही काम निभावते. पडद्यामागचे रंगीत चित्र काढून साधा एकरंगी पडदा ठेवला, तर आणखी बरे.

नवा पडदा की आहे तोच?

आता गोंधळाची जागा. समजा, तुमच्या संगणकावर लिनक्स आहे. व्हीएनसीचा नेहमीचा सर्व्हर चालू केला, की तो बहुधा एक नवा, कोरा पडदा तयार करतो. लेक पुण्याहून आत येते ती त्या कोऱ्या पडद्यावर. तिला आईचा उघडा तक्ता दिसत नाही आणि आईला लेकीने काय केले ते दिसत नाही. एकाच घरात दोघी दोन खोल्यांत, मधले दार बंद! "आई, इथे तर काहीच उघडलेले नाही," असे लेक म्हणते. आईला वाटते, आपलेच काही बिघडले.

बिघडलेले काहीच नसते, फक्त सर्व्हर वेगळ्या जातीचा असतो. लिनक्समध्ये पडद्यांना क्रमांक असतात. समोर दिसणारा पडदा बहुधा शून्य क्रमांकाचा असतो आणि नव्याने केलेला एक, दोन असा पुढे जातो. व्हीएनसीचे दारही त्याच हिशेबाने ठरते. शून्यासाठी ५९००, एकसाठी ५९०१. लेकीने ५९०१ वर हाक दिली असेल, तर ती कोऱ्या खोलीत गेली असे समजावे.

आपल्याला हवा आहे तो आहे तोच पडदा दाखवणारा सर्व्हर. लिनक्सवर 'एक्स इलेव्हन व्हीएनसी' हा त्यातला एक. उबुंटू आणि डेबियन यांच्या भांडारातून तो फुकट बसवता येतो. पण आधी एक गोष्ट तपासा. तो फक्त 'एक्स' पद्धतीच्या पडद्यावर चालतो. नव्या लिनक्समध्ये बहुधा 'वेलँड' पद्धत असते, तिथे त्याचा उपयोग नाही. ग्नोम वापरणाऱ्यांनी अशा वेळी सेटिंगमध्ये 'रिमोट डेस्कटॉप' पाहावे. नव्या आवृत्त्यांत तिथे दोन भाग दिसतात. 'डेस्कटॉप शेअरिंग' म्हणजे आहे तोच पडदा आणि 'रिमोट लॉगिन' म्हणजे वेगळा पडदा. आपण पहिला घ्यायचा.

विंडोजवरही हाच भेद आहे. 'रिमोट डेस्कटॉप'ने लेक आत आली, की घरचा पडदा कुलूपबंद होतो आणि आई नुसती बसून राहते. 'क्विक असिस्ट' या सोयीत मात्र दोघींना एकच पडदा दिसतो. लेकीने सांगितलेला संकेतांक आईने भरायचा आणि परवानगी द्यायची. आधी लेकीला नुसते पाहता येते. माऊस हातात हवा असेल तर तिला मागावा लागतो आणि आईने होकार दिला तरच तो मिळतो.

दाराला कड्या कोणत्या लावाव्यात?

'एक्स इलेव्हन व्हीएनसी' बसवताना पुढील पाच कड्या लावाव्यात. हे काम घरातल्या जाणत्या मुलाकडून किंवा सुटीत आलेल्या लेकीकडूनच करून घ्यावे. शब्द इंग्रजीत टंकायचे असले तरी त्यांचा अर्थ तुम्हाला ठाऊक हवा.

पहिली कडी परवलीच्या शब्दाची. 'स्टोअर पासवर्ड' या सूचनेने तो एकदा साठवून ठेवावा आणि पुढे दर वेळी त्या फायलीचा हवाला द्यावा. मात्र या जुन्या पद्धतीत शब्दाची पहिली आठच अक्षरे मोजली जातात. वीस अक्षरांचा शब्द केला तरी कुलूप आठाचेच! म्हणून एकट्या या कडीवर विसंबू नये.

दुसरी कडी 'लोकलहोस्ट'ची. ही लावली की बाहेरून थेट कोणी ५९०० च्या दाराशी येऊ शकत नाही.

मग लेक येणार कशी? त्यासाठी तिसरी गोष्ट, 'एसएसएच'ची नळी. साध्या व्हीएनसीतून जाणारे चित्र आणि टंकलेली अक्षरे उघडी जातात. उघड्या पाटाचे पाणी वाटेत कोणीही उपसावे, तसे. एसएसएच म्हणजे जमिनीखालून टाकलेली पाइपलाइन. आत काय वाहते ते वाटेतल्या कोणाला दिसत नाही. लेकीने आधी ही नळी जोडायची आणि तिच्यातून पडदा पाहायचा.

चौथी कडी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, 'ॲक्सेप्ट पॉपअप'. ही लावली की कोणी आत येऊ लागताच घरच्या पडद्यावर चौकट उमटते आणि विचारते, येऊ द्यायचे, येऊ द्यायचे नाही, की नुसते पाहू द्यायचे? ओसरीवरून "येऊ का?" असे विचारावे, तसे. दोन मिनिटांत उत्तर दिले नाही तर दार आपोआप बंद राहते.

पाचवी कडी लावायची नसून काढायची नसते! हा सर्व्हर मुळात एकदाच काम करतो. लेक बाहेर पडली की तो आपण होऊन थांबतो. पुष्कळ जण सोय म्हणून 'फॉरएव्हर' हा शब्द जोडतात आणि दार कायमचे उघडे ठेवतात. घरच्या कामाला त्याची गरज नाही. हवे तेव्हा आईने पुन्हा चालू करावे. त्यासाठी पडद्यावर एक चित्रखूण करून दिली की झाले.

आणखी एक अडचण येते. मोबाइलवरून इंटरनेट घेणाऱ्या अनेक घरांना जगापुढे स्वतःचा वेगळा पत्ता नसतो. एक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. तेव्हा बाहेरून मारलेली हाक आपल्या घरापर्यंत पोहोचत नाही. पण आतून बाहेर जाता येते. म्हणून घरचा आणि लेकीचा, दोन्ही संगणक 'वायरगार्ड'सारख्या खासगी जाळ्यात जोडतात. दोघांपैकी एकालाही स्वतःचा पत्ता नसेल, तर मध्ये भाड्याचे एखादे यंत्र घ्यावे लागते. ही खटपट नको असेल तर 'क्विक असिस्ट'सारखी सोय बरी. तिच्यात मधला दुवा आधीच जोडलेला असतो. मात्र राउटरमधून ५९०० चे दार सरळ जगाला उघडून देण्याचा सोपा मार्ग कोणी सुचवला, तर तो मुळीच स्वीकारू नका.

लुटारूही हेच दार ठोठावतो

आता सावधगिरीची जागा. जी सोय लेकीला आत आणते, तीच चोरालाही आणू शकते. "बँकेतून बोलतोय, तुमचे खाते बंद होणार आहे," किंवा "बिल भरले नाही, आज रात्री वीज तोडणार," असा फोन येतो. समोरचा माणूस गोड बोलून पडदा दाखवणारे ॲप मोबाइलवर घ्यायला लावतो आणि आकडी संकेत विचारतो. तो दिला की तुमचा पडदा त्याच्यापुढे उघडा! मग खात्याचा क्रमांक, पिन, आलेला ओटीपी, सारे त्याला आयते दिसते. पिकाचे आलेले पैसे काही मिनिटांत जातात. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते.

घरातल्या सर्वांनी तीन नियम पाठ करावेत. एक, पडदा फक्त आपण ज्याला फोन केला त्यालाच दाखवायचा. ज्याने आपल्याला फोन केला त्याला कधीच नाही, मग तो साहेब असो की मदतनीस. दोन, पडदा दाखवताना बँकेचे काम उघडे ठेवायचे नाही आणि पिन टाकायचा नाही, लेक पाहत असली तरीसुद्धा. सवय मोडली की ती भलत्या वेळी मोडते. तीन, फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. इंटरनेट तोडा, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत अडवण्याची आशा जास्त.

माऊस कोणाच्या हातात?

शेवटी एक गोष्ट घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना सांगायची आहे. पडदा दिसू लागला की तुमचा हात शिवशिवतो. माऊस घेऊन दोन मिनिटांत काम उरकावे, असे वाटते. पण मग पुढच्या महिन्यात पुन्हा साडेआठचा फोन ठरलेलाच. त्यापेक्षा 'नुसते पाहू द्या' हा मार्ग धरा. आईच्या हातात माऊस राहू द्या आणि तुम्ही बोटाऐवजी शब्दांनी दाखवा. "आई, आता सातव्या ओळीवर ये. बघ, इथे व्याजाचा रकाना बेरजेत धरलाच नाहीये."

आई स्वतः तो रकाना धरते. वहीचा आकडा आणि पडद्याचा आकडा एक होतो. मग ती म्हणते, "बरं, आता तू जा बाहेर, मी दार लावते."

दार आपल्या हाताने लावता आले, की त्या घराने हे तंत्र शिकले असे खुशाल समजावे.